विषय कोण निवडतो : विद्यार्थी की वेळापत्रक?

अकरावीचे वर्ग सुरू झाले की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो : "इतिहास हवा होता, मिळाला नाही. आता विषय बदलता येईल का?" कार्यालयातून उत्तर मिळते, "तास जुळत नाही", नाहीतर "तुकडी भरली". हे उत्तर आपण निसर्गनियमासारखे स्वीकारतो. वस्तुतः त्याला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

१९५२ साली ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला गेला. सर्व मुलांना एकाच अरुंद वाटेने विद्यापीठाकडे ढकलणे त्याला मान्य नव्हते. म्हणून त्याने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली : मानव्यविद्या, विज्ञान, तंत्रशिक्षण, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान, असे सात गट. कल्पना उदार होती. परंतु सात गटांना सात प्रकारचे शिक्षक आणि साधने लागतात. ती पुरेशी मिळाली नाहीत आणि योजना रखडली.

पुढचा टप्पा कोठारी आयोगाचा, १९६४ ते १९६६. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. (या माणसावर स्वतंत्र धागा लिहायला हवा.) दहावीपर्यंत सर्वांना समान शिक्षण, त्यानंतर तीन विषयांचा सखोल अभ्यास, आणि ते तीन निवडताना पुरेसे स्वातंत्र्य व लवचिकता, असा या आयोगाचा आग्रह होता. १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात अंगीकारला. आकृतिबंध आला, लवचिकता मात्र वाटेतच राहिली.

ती कुठे हरवली, हे पाहायला साधे गणित पुरते. समजा, एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कला शाखेत आठ ऐच्छिक विषय आहेत आणि प्रत्येकाने चार घ्यायचे आहेत. कागदावर ७० प्रकारे निवड करता येते. आता हे आठ विषय चार तासिकांत दोन-दोन करून समांतर बसवा. निवडी उरतात १६. उरलेल्या ५४ कुठल्याही नियमाने निषिद्ध नाहीत. वेळापत्रकाच्या तक्त्यात त्या मावत नाहीत, एवढेच. माझ्या वेळी इतिहास आणि मानसशास्त्र एकाच तासाला होते. ज्याला माणसाचे मन आणि माणसाचा भूतकाळ दोन्ही समजून घ्यायचे होते, त्याने काय करावे, हे कुणी विचारले नाही.

पटसंख्येची कथा याहून कठोर आहे. बारा विद्यार्थ्यांच्या वर्गाला तितक्याच तासिका लागतात, जितक्या ऐंशींच्या वर्गाला. शिक्षकाचे पद टिकते ते कार्यभारावर. पट घसरला की तुकडी धोक्यात येते आणि शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. त्यामुळे विषय बदलण्याचा अर्ज हा केवळ एका मुलीचा अर्ज राहत नाही. जिथून ती निघते तिथला पट कमी होतो, जिथे ती जाते तिथे बाक नसतो. नकार देणाऱ्या प्राचार्यांना मी खलनायक मानत नाही. त्यांच्यापुढे एका विद्यार्थिनीची आवड आणि एका सहकाऱ्याची नोकरी एकाच तराजूत टाकलेली असते. तो तराजू त्यांनी घडवलेला नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणते की कला आणि विज्ञान यांच्यात कठोर भिंती नसाव्यात. वाचून आनंद होतो. पण १९६६ चा अहवाल ज्यांनी चाळला आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. माझे मत स्पष्ट आहे : लहान वर्गाचा खर्च कोण उचलणार, हे ठरल्याशिवाय निवडीचे स्वातंत्र्य घोषित करणे म्हणजे मुदलियार आयोगाचे सात गट पुन्हा कागदावर मांडणे होय. याचा फटका आधी इतिहास, तर्कशास्त्र, अभिजात भाषा अशा कमी पटाच्या विषयांना बसतो. एकदा विषय बंद पडला की पुढच्या वर्षी 'मागणीच नाही' असे सांगता येते. जो विषय माहितीपुस्तिकेतच नाही, त्याची मागणी नोंदवणार कोण?

एकाच गावातील दोन महाविद्यालयांनी कमी पटाच्या विषयाचा एक सामायिक वर्ग सकाळच्या पहिल्या तासाला ठेवला, तर शिक्षकाचा कार्यभारही टिकेल आणि मुलांची निवडही. त्यासाठी दोन्हीकडची उपस्थिती परस्परांना मान्य व्हावी लागेल. ही प्रशासकीय बाब आहे, अशक्य बाब नव्हे.

या धाग्याच्या वाचकांपैकी जे आता दहावीत आहेत, त्यांनी प्रवेशाआधी विषयांची यादी पाहून थांबू नये. समांतर तासिकांचा तक्ता मागावा. आणि विषय बदलायचाच असेल तर एकट्याने जाऊ नये. त्याच विषयाची इच्छा असलेले आठ-दहा जण शोधून, कोणत्या तासाला कोणता विषय हवा हे नमूद करून, लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.