शीरखुर्मा चालतो, मग भाडेकरू का नाही?

मराठी वाचकाला 'जकात' म्हटले की नाका आठवतो, ट्रकांची लांबच लांब रांग आठवते. मुंबईतली जकात २०१७ साली जीएसटी आला तेव्हा बंद झाली. शब्द मात्र भाषेत राहिला. रमजानमध्ये आमच्या घरोघरी ज्या जकातीचा हिशेब मांडला जातो, तिच्यावरूनच तो मराठीत आला. वर्षभर शिल्लक राहिलेली संपत्ती ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर तिचा अडीच टक्के वाटा गरजूंना द्यायचा, असा तिचा नियम. यात टक्केवारीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. कुरआनने मालदारांच्या संपत्तीतल्या या वाट्याला गरजूंचा 'हक' म्हटले आहे. म्हणजे देणाऱ्याने उपकाराची भाषा करायची नाही आणि घेणाऱ्याने मान खाली घालायची नाही.

उपकार आणि हक्क यांतला हा फरक मला आपल्या शहरांतल्या शेजारधर्माबद्दल बोलताना फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे प्रेम कमी नाही. रमजानात इफ्तारच्या दस्तरखानावर सगळ्या धर्मांची मंडळी बसतात. ईदला शीरखुर्म्याचे डबे जिने चढतात आणि दिवाळीला तेच डबे चिवडा-चकल्या घेऊन परत येतात. हे खरे आहे आणि ते टिकले पाहिजे.

पण त्याच इमारतीत एखादी सदनिका भाड्याने द्यायची असते, तेव्हा काय होते? एजंटशी फोनवर सगळे ठरते. भाडे, डिपॉझिट, पार्किंग, पाण्याची वेळ. शेवटी तो नाव विचारतो. नाव ऐकल्यावर क्षणभर शांतता आणि मग, 'मालकांना विचारून सांगतो.' तो फोन पुन्हा येत नाही. मुस्लिम वाचकांना हे वाक्य तोंडपाठ आहे. दलित वाचकांनाही ते परके नसेल.

नोकरीचेही तसेच. पदव्युत्तर परीक्षेत उत्तम गुण मिळवलेली माझी एक विद्यार्थिनी मुलाखतीला गेली. विषयावर दोन प्रश्न झाले आणि मग विचारले गेले, 'तुमच्यात मुलींची लग्नं लवकर होतात ना? मग नोकरी किती दिवस करणार?' दुसरा एक विद्यार्थी मला विचारत होता, 'मॅडम, बायोडेटावर पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरे लिहिली तर चालेल का?' वीस-बावीस वर्षांच्या मुलाला स्वतःचे नाव अडचणीचे वाटू लागणे, ही कोणत्याही शिक्षकाला अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

हा केवळ मनाचा संशय आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून एक अभ्यास सांगते. आपल्या विदर्भातले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे हजारो अर्ज पाठवले. फरक फक्त नावात: काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश होती, तर मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. पदवी तीच होती, अनुभव तोच होता.

सरकारी पातळीवर या प्रश्नाची कागदपत्रे भरपूर आहेत. न्या. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले, की लोकसंख्येत मुस्लिम १३.४ टक्के असताना आयएएसमध्ये त्यांचे प्रमाण केवळ ३ टक्के आहे. राज्याच्या महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. २०१४ च्या अध्यादेशातले ५ टक्के आरक्षण उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते राहू दिले होते. तो अध्यादेशच पुढे संपुष्टात आला. सच्चर समितीने समान संधी आयोग सुचवला होता. प्रा. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये तो आयोग कसा असावा हेही मांडून दिले. त्याचा कायदा आजही नाही.

'घर माझे, कोणाला द्यायचे ते मी ठरवणार,' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. आयुष्यभराची कमाई घालून घेतलेल्या घराची काळजी कोणालाही असणार. भाडे वेळेवर मिळेल का, घर नीट ठेवतील का, हे जरूर विचारावे. मांसाहाराची अडचण असेल, तर तेही विचारावे. पण मग मासे खाणाऱ्या प्रत्येकाला विचारावे. आमच्याकडे स्वयंपाकघराचा प्रश्न येण्याआधीच नावापाशी दार बंद होते, ही तक्रार आहे.

संविधानाने हा मुद्दा ओळखला होता. कलम १५ च्या दुसऱ्या उपकलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांचा उल्लेख आहे आणि तिथला भेदभाव नागरिकांनाही मना आहे. त्यातला 'तलाव' वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला १९२७ चे महाड आठवावेच. संविधान सभेत 'दुकान' शब्दाच्या अर्थावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी तो व्यापक केला: मागायला येणाऱ्या कोणालाही मालक आपली सेवा द्यायला तयार असतो, अशी जागा म्हणजे दुकान. नोकरीची जाहिरात देणारे कार्यालय आणि 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावणारे घर यांना हे तत्त्व स्पष्टपणे लागू करणारा कायदा करणे, हे राहिलेले काम आहे. अमेरिकेत १९६८ पासून असा कायदा आहे. तिथे गेलेल्या आपल्या मराठी मुलांना धर्म किंवा मायदेश पाहून घर नाकारणे बहुतेक ठिकाणी बेकायदा ठरते. परदेशात आपल्या मुलांना मिळणारे संरक्षण इथे शेजाऱ्याच्या मुलांना का नसावे?

आणि थोडे आमच्या घरातलेही. मशिदीत मालक आणि हमाल एका सफेत, खांद्याला खांदा लावून उभे राहतात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण लग्नाची बोलणी निघाली, की पहिला प्रश्न बिरादरीचा असतो. राज्यात मुस्लिम ओबीसींना सवलती मिळाव्यात म्हणून चळवळ उभी राहिली, ती याच वास्तवामुळे. पिंजारी, बागवान, छप्परबंद कुटुंबांना जी सफ मशिदीत मिळते, ती मशिदीबाहेर देण्याची जबाबदारी आमची आहे. अल्पसंख्याक संस्थांमध्येही भरती 'आपला माणूस' पाहून होत असेल, तर दुसऱ्यांकडे न्याय मागताना आमचा आवाज बसणारच.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. अर्जांची पहिली छाननी नावे झाकून करता येते. मुलाखतीत सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारता येतात. लग्नाचा प्रश्न मुलाला विचारत नसू, तर मुलीलाही विचारू नये. भाड्याच्या अटी सोसायटीने लिहून ठेवाव्यात आणि त्या सर्वांना सारख्या लावाव्यात. पसंत पडलेल्या भाडेकरूचे नाव कळल्यावर एजंटने 'मालकांना विचारतो' म्हटले, तर मालकाने त्याला 'यात विचारायचे काय?' असे सांगावे.

यंदाही ईदला शीरखुर्मा येईलच. त्याची परतफेड करायची गरज नाही. तुमच्या ओळखीत एखादी खोली रिकामी असेल, तर ती बघायला येणाऱ्याला आधी खोली दाखवा. नाव नंतर विचारा.