स्ट्रोकची थाप

‘स्ट्रोक लांब, म्हणून टॉर्क जास्त.’ क्लेमेंटीत कॉफी पिताना आपली मंडळी हे वाक्य ब्रह्मवाक्यासारखं फेकतात. ते चूक आहे.

सीसी तेवढेच ठेवून स्ट्रोक वाढवा. क्रँकचा हात लांबतो, पण पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ, म्हणजे त्यावरचा जोर, त्याच प्रमाणात घटतो. नफा शून्य. पुरावा? जुन्या स्विफ्टचं चार सिलिंडरचं इंजिन ७३ × ७१.५ मिमी, भारतात २०२४ साली आलेलं तीन सिलिंडरचं ७४ × ९२.८. दोन्ही ११९७ सीसी. स्ट्रोक २१ मिमी वाढला, टॉर्क मात्र ११३ न्यूटन-मीटरवरून १११.७ वर आला!

मग लांब स्ट्रोक कशाला? ज्वलनाची उष्णता कमी वाया जाते, इंधन वाचतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. पिस्टन जोरात धावतो. कनेक्टिंग रॉड आखूड राहिला तर पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर रेटला जातो. लांब केला तर इंजिनची उंची वाढते आणि बॉनेट आडवं येतं.

सिंगापुरात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स सीसीवर, भारतात छोट्या पेट्रोल गाडीची करसवलत १२०० सीसीपर्यंत. त्या चौकटीत डिझायनर मिलिमीटरसाठी झगडतो, आणि आपण त्याचं श्रेय एका थापेला देतो. गाडी घेताना स्ट्रोक विचारू नका. टॉर्क किती आणि कोणत्या आरपीएमला, ते विचारा.