तांदूळ तीनदा धुतला तरी जे जात नाही

"डॉक्टर, मी तांदूळ तीन पाण्यांनी धुते. मग तर काही होणार नाही ना?" मोबाइलवर आलेली तांदळातल्या विषाची बातमी दाखवत एका काकूंनी विचारले. हा प्रश्न आता अनेकजण विचारतात. थोडक्यात उत्तर असे : भात बंद करू नका, पण धुतल्याने हे धातू जातील, या भरवशावरही राहू नका. धूळ आणि कीटकनाशकाचा काही अंश पाण्याने निघतो. जड धातू मात्र मुळांवाटे शिरून दाण्याच्या आत बसलेले असतात.

बातमी काय आहे?

एप्रिल २०२५ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये एक अभ्यास आला. चीनमध्ये भाताच्या २८ जातींवर दहा वर्षे प्रयोग झाले. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि तापमान दोन्ही वाढले, तर तांदळातले आर्सेनिक वाढते, असे त्यात दिसले.

दुसरा धातू कॅडमियम. खाणी, धातू-कारखान्यांचे सांडपाणी आणि काही फॉस्फेट खते यांतून तो जमिनीत येतो. २०१३ मध्ये चीनच्या ग्वांगझू शहरात तपासलेल्या तांदूळ व तांदळाच्या पदार्थांच्या १८ नमुन्यांपैकी ८ नमुन्यांत तो मर्यादेपेक्षा जास्त निघाला.

शेतकऱ्यापुढची अडचण अशी, की शेतात पाणी साचलेले असेल तर पीक आर्सेनिक जास्त शोषते. पाणी काढले तर आर्सेनिक कमी होते, पण कॅडमियम वाढते.

शरीरात काय होते?

कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि तिथून अर्धे बाहेर पडायलाच १० ते ३० वर्षे लागतात. त्यामुळे एका जेवणाने काही होत नाही. प्रश्न वर्षानुवर्षांच्या साठ्याचा आहे. सुरुवातीला क्रिएटिनीन नॉर्मल असू शकते, तरी लघवीतून बारीक प्रथिने जाऊ लागतात. पुढे हाडे ठिसूळ होतात.

जपानच्या तोयामा भागात हेच घडले. खाणीचे सांडपाणी जिंझू नदीत गेले आणि नदीचे पाणी भातशेतीत. आजाराला नाव पडले 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. रुग्णांत बहुतेक उतारवयातल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया होत्या. १९६८ मध्ये सरकारने कॅडमियमशी संबंध मान्य केला. तिथल्या शेतांची माती सुधारायला तीन दशकांहून अधिक काळ लागला.

घरी काय करता येईल?

आर्सेनिकसाठी : भात पाच-सहा पट पाण्यात शिजवून वेळला, तर बरेचसे आर्सेनिक पाण्याबरोबर जाते. मात्र ती पेज प्यायली, तर ते पुन्हा पोटात येते. शिवाय या पद्धतीत काही जीवनसत्त्वेही जातात, आणि शिजवायचे पाणीच आर्सेनिकयुक्त असेल तर उपयोग नाही. ब्राऊन राईसच्या कोंड्यात आर्सेनिक पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त असते.

कॅडमियमसाठी वेळण्याचा फारसा उपयोग नाही. तिथे तीन गोष्टी कामाच्या :

- रोज तिन्ही वेळा भातच नको. ज्वारी, बाजरी, नाचणी आलटून पालटून घ्या. लहान बाळालाही फक्त तांदळाची पेज देऊ नका.
- रक्तक्षय असेल तर उपचार घ्या. लोह कमी असले की आतडी कॅडमियम जास्त शोषतात.
- विडी, सिगारेट, मिश्री सोडा. तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम पानांत साठवते.

त्या काकूंचे हिमोग्लोबिन ८ होते आणि मिश्री वीस वर्षांची. त्यांना मी तांदळाबद्दल कमी आणि या दोन गोष्टींबद्दल जास्त बोललो.

'जड धातू काढणारी' डिटॉक्स पावडर घेऊ नका. साठलेले कॅडमियम काढणारा खात्रीचा उपाय आज नाही. तुमचे गाव खाण किंवा कारखान्याच्या सांडपाण्याजवळ असेल, किंवा बॅटरी अथवा प्लेटिंगच्या कामात अनेक वर्षे गेली असतील, तर डॉक्टरांना तसे सांगा. तपासणी कोणती करायची, ते त्यावरून ठरते.

आंतरराष्ट्रीय कोडेक्स मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळासाठी किलोमागे कॅडमियम ०.४ आणि अकार्बनी आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅम आहे. ती पाळली जाते की नाही, हे कोणत्याही गृहिणीला डोळ्यांनी कळणार नाही. त्यासाठी माती, पाणी आणि बाजारातला तांदूळ नियमित तपासला गेला पाहिजे. सांडपाणी शेतात जाऊ न देणे हाच खरा उपचार, आणि तो स्वयंपाकघरात होत नाही.