दार ओढायला किती खर्च येतो?

मनावर आघात झालेल्या रुग्णाशी दवाखान्यात जपून वागावं, असा विषय निघाला आणि परवा गोंदियात एका सद्गृहस्थांनी निकालच देऊन टाकला. ‘ट्रॉमा-बिमा हे शहरी चोचले. आमची झाडीपट्टीची माणसं कणखर. इथं मानसोपचारतज्ज्ञाची वानवा, गोळ्यांची टंचाई, आणि तुम्ही मनं कुरवाळत बसणार?’ टाळ्याही पडल्या.

कणखर! सालेकसा-देवरीच्या जंगलात एकीकडे नक्षलवादी, दुसरीकडे पोलीस, अशा कात्रीत ज्यांची वर्षं गेली, ती माणसं बोलत नाहीत म्हणून कणखर? २९ नोव्हेंबर २०२४ ला सडक अर्जुनीजवळ शिवशाही बस उलटून ११ जण गेले. त्यातून वाचलेल्याला उद्या एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना घाम फुटला, तर बीपी मोजून घरी धाडायचं?

या जपून वागण्याला ‘परदेशी खूळ’ म्हणाल, तर तुमच्या गोळीचा शोध काय आमगावात लागला होता?

आता लाडका आक्षेप : वेळ नाही. एका सरकारी दवाखान्यात शेजारणीसोबत गेलो होतो. टेबल उघड्यावर, रांगेतल्यांच्या फायली तिच्या खांद्याला लागताहेत, नवरा पाठीशी उभा. प्रश्न आला, तोही खणखणीत आवाजात : ‘नवरा मारतो का?’ ती ‘नाही’ म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? कागदावर ‘झोप नाही, डोकेदुखी’, हातात गोळ्यांची पुडी. पुढच्या महिन्यात ती फिरकलीच नाही. वेळ मात्र वाचला, अभिनंदन! दार ओढायला, नवऱ्याला चहाला पिटाळायला, हात लावण्याआधी विचारायला तज्ज्ञ कशाला लागतो?

ही रड जुनीच आहे. साखळीशिवाय वेड्यांना आवरायचं कसं, असंही विचारलं जायचं. तमिळनाडूतल्या एरवाडीत २००१ साली मनोरुग्णांच्या निवासाला आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्यांना पळता आलं नाही, २८ जणांचा बळी गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळदंडावर बंदी घातली. आभाळ कोसळलं नाही.

मग करायचं काय? गोळी हवीच, तज्ज्ञही हवेत. पण ते येईपर्यंत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात परिचारिका, आशाताई, केसपेपर लिहिणारा बाबू या सगळ्यांना एवढं तरी शिकवा : एकांत द्या, गोळी कशाची ते सांगा, नको असलेली कहाणी खोदून काढू नका, आणि पुन्हा येण्याची वाट मोकळी ठेवा.

याला चोचले म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. फक्त आधी ते दार ओढून घ्या.