चहाची चौकशी आणि केडगावची पंगत

पाच एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. त्यानिमित्त पुण्याच्या पेठेतल्या एका सभागृहात व्याख्यान होतं. वक्ते तयारीचे होते, हे आधीच कबूल करतो. रमाबाईंचं संस्कृत, कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली ‘सरस्वती’ पदवी, हंटर आयोगापुढची साक्ष, अमेरिकेचा दौरा, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. फक्त १८८३ साल आलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली गेला. लग्न ठरवायच्या बैठकीत मुलाच्या काकांनी केलेल्या परजातीतल्या लग्नाचा विषय निघावा, तसा त्यांनी बाप्तिस्म्याचा उल्लेख केला. वर म्हणाले, “तो भाग आपण बाजूला ठेवू.” सभागृहाने समाधानाने माना डोलावल्या.

म्हणजे बाई हव्यात, बाईंचा ख्रिस्त नको. शाळा हवी, प्रार्थना नको. हे मी इतक्या वेळा आणि इतक्या सद्‌गृहस्थांच्या तोंडून ऐकलं आहे, की आता चिडण्याचाही कंटाळा यायला हवा होता. आला नाही.

काय चालतं आणि काय विटाळतं, याचा काथ्याकूट पुण्याला नवीन नाही. पंचहौदचा चहा आठवा. गोपाळराव जोश्यांनी टिळक-रानड्यांसह शहरातल्या मंडळींना तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये नेलं, चहा-बिस्किटं पुढे आली आणि मागाहून ‘पुणेवैभव’ या वर्तमानपत्रात नावं छापून आली. साल १८९०. त्यानंतर या शहरातली उत्तम डोकी किती काळ कशात गुंतली होती, ते आठवून पाहा. शंकराचार्यांकडे फिर्याद, चौकशीला आलेले शास्त्री, कोणी घोट घेतला आणि कोणी पेला नुसता हातात धरला याची छाननी, आणि धर्मशास्त्रातल्या वचनांवर कायद्याच्या कलमांसारखा युक्तिवाद. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांची अडचण बघून प्रायश्चित्त घेतलं, आणि ते त्यांच्या पत्नी रमाबाई रानड्यांना किती लागलं हे त्यांच्याच आठवणींतून कळतं. घोट किती मोठा होता, यावर हे शहर दोन वर्षं बोलत होतं.

आता त्याच १८९० सालातली दुसरी घटना. वर्ष सरता सरता शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. उच्चवर्णीय विधवांसाठी काढलेली ही संस्था. तिथे स्वयंपाकपाण्यात जातीचे नियम पाळले जात. स्वतः ख्रिस्ती झालेल्या रमाबाई ते पाळू देत होत्या. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील असा शब्द होता. १८९३ मध्ये त्यावरूनच वादळ उठलं. बाई पहाटे प्रार्थना करतात, दार उघडं असतं, मुली येऊन बसतात, अशी तक्रार होती. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य होतं, असं मला वाटतं. तटस्थतेचा शब्द दिलेला असताना उघडं दार हा अगदीच निष्पाप प्रकार म्हणता येत नाही. बाईंचं म्हणणं, माझ्या खोलीचं दार मी का लावू? दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम होत्या, आणि पुणं पुन्हा एकदा कोण कुठे बसलं याचा हिशेब करत होतं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून येणाऱ्या बातम्या ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. हाताशी पैसे होते म्हणून गेल्या असं नव्हे. लहानपणीच्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली होती. भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघं पायी देशभर हिंडली होती. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. मदतछावण्यांभोवती एकट्या पोरींना हेरणारे लोक कसे घुटमळतात, हे त्यांनी पाहिलं आणि लिहूनही ठेवलं. तिथून त्यांनी मुली आणायला सुरुवात केली. हाडांचे सापळे झालेल्या, आजारी, कुठल्या जातीच्या आणि कुठल्या गावच्या हे विचारायला मागे माणूस उरलेलं नाही अशा मुली. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढी गर्दी शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई. दौंडच्या वाटेवर केडगावला बाईंनी आधी जमीन घेऊन ठेवली होती. मुली तिकडे गेल्या, वर्षअखेर त्यांची संख्या तीनशेच्या घरात पोचली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर केडगावच्या या मुक्ती सदनात दीड हजारांवर माणसं होती. विहिरी खणल्या, माग लावले, छापखाना घातला, अंधांसाठी शाळा काढली.

जातवार चुलीचं पुढे काय झालं, हे वक्त्यांनी सांगितलं नाही. तीनशे उपाशी पोरींना जेवायला घालायचं असतं तेव्हा तो प्रश्न कोणी सोडवत बसत नाही. तो पंगत बसेपर्यंतसुद्धा टिकत नाही. चहाच्या एका पेल्याची दोन वर्षं चौकशी करणारं शहर आणि सात वर्षांच्या आत केडगावला बसलेली ती पंगत, मध्ये रेल्वेचा जेमतेम दोन तासांचा प्रवास. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या की मला एकोणिसाव्या शतकावरच्या इतर पुस्तकांची फारशी गरज वाटत नाही.

आता ‘तो भाग’ बाजूला ठेवण्याविषयी. रमाबाई युक्तिवादाने ख्रिस्ती झाल्या असा एक समज आहे. ख्रिस्ती झालेल्या नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांच्या लिखाणाचा प्रभाव होता, हे खरं. पण मन कशाने वळलं, ते त्यांनी १९०७ च्या आत्मकथनात सांगितलं आहे. इंग्लंडात वाँटेजच्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे या भगिनी मायेने सांभाळत होत्या. अशा बायकांची कोणी सेवा करतं, हे रमाबाईंना नवीन होतं. कशासाठी करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने ख्रिस्त आणि विहिरीवरची शमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. पुढे केडगावला रमाबाईंनी कृपासदन काढलं, ते अशाच बायकांसाठी. आता यातली सेवा कुठे संपते आणि श्रद्धा कुठे सुरू होते, ते वक्त्यांनी दाखवून द्यावं. मला तरी ती शिवण सापडत नाही.

मला यातलं सगळंच झेपतं, असंही नाही. १९०५ मध्ये केडगावला जे धार्मिक पुनरुज्जीवन झालं, त्या मोठ्या आवाजातल्या सामूहिक प्रार्थना, ते रडणं, ते वाचताना माझ्यातला सदाशिवपेठी माणूस खुर्चीत मागे सरकतो. पण ज्या श्रद्धेने मला अवघडल्यासारखं होतं, तिनेच त्या मुली सांभाळल्या. मला रुचेल तेवढाच तुकडा कापून त्याला ‘समाजकार्य’ असं नाव देणं, हा प्रामाणिकपणा नव्हे.

सेवेचा हल्लीचा अवतार चौकाचौकात टांगलेला आहेच. फ्लेक्सवरचे चेहरे आणि प्रत्यक्ष काम यांचं प्रमाण व्यस्त असतं, हा माझा जुना सिद्धांत. पुरावा नाही, पण अलका चौकात उभं राहून कोणीही पडताळून पाहावा. दहा वह्यांच्या वाटपाला बारा फुटांचा फलक! केडगावच्या बाई पांढरं जाडंभरडं नेसत आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसत. ते काम त्यांना अखेरपर्यंत पुरलं.

आणि त्या सरकारधार्जिण्या होत्या म्हणणाऱ्यांसाठी: प्लेगच्या दिवसांत त्यांच्याकडची एक मुलगी सरकारी बंदोबस्तात नेली गेली आणि बेपत्ता झाली. तेव्हा याच बाईंनी प्लेगच्या रुग्णालयातल्या आणि छावणीतल्या कारभाराविरुद्ध वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं, गव्हर्नर सँडहर्स्टनी आरोप झटकून टाकले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, म्हणून बाई गप्प बसल्या नाहीत.

यावर पत्रं येतील, हे मला ठाऊक आहे. त्यातल्या निम्म्या पत्रांत एकच वाक्य असेल: “पण तिने मुली बाटवल्याच ना?” पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या, आणि केडगावने ते कधी लपवलं नाही. मात्र शारदा सदनात आलेल्या पहिल्या विधवांपैकी एक गोदूबाई जोशी. १८९३ मध्ये तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि ती आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, झाली. ती शेवटपर्यंत हिंदूच राहिली आणि तिने कर्व्यांच्या आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा केली. रमाबाईंच्या घरातले दिवस कसे होते, हे तिने ‘माझे पुराण’मध्ये स्वतः सांगितलं आहे. पत्र लिहिण्याआधी तेवढं वाचून घ्या. पुस्तक छोटं आहे.

— फिरस्ता