मेडिक्लेम आहे ना? मग ॲडमिट व्हा!

हॉस्पिटलच्या काउंटरवर हल्ली ‘काय त्रास होतोय?’ याच्या आधी ‘मेडिक्लेम आहे का?’ असं विचारतात. उत्तर ‘हो’ आलं की आजार तोच राहतो, पण उपचार बदलतात. दरवर्षी विम्याचा हप्ता का वाढतो, असं तुम्ही मला विचारता. त्याची सुरुवात या काउंटरवर होते.

डेंग्यूचंच घ्या. प्लेटलेट थोड्या कमी आहेत, पण रुग्ण पाणी पितोय, लघवी नीट होतेय, सतत उलट्या नाहीत, पोटात जोरात दुखत नाही, कुठून रक्त येत नाही. गरोदरपण किंवा दुसरा मोठा आजार नसेल, तर असा रुग्ण पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि रोजची तपासणी यांवर घरीच बरा होतो. विमा असेल तर मात्र तोच रुग्ण चार दिवस सलाईन लावून पडून राहतो. सोबत महागडं अँटिबायोटिक, ज्याचा डेंग्यूच्या विषाणूवर काडीचाही उपयोग नाही.

बिलाची तऱ्हा आणखी न्यारी. जनरल वॉर्डऐवजी स्वतंत्र खोली घेतली की खोलीचं भाडं वाढणार, हे समजू शकतं. पण त्याच सर्जनची, त्याच टेबलावरची शस्त्रक्रियासुद्धा महाग होते! ती का, याचं वैद्यकीय उत्तर मला ३० वर्षांत मिळालेलं नाही. सिरिंज, हातमोजे, सलाईनचे सेट हॉस्पिटलला स्वस्तात मिळतात आणि छापील किमतीला लावले जातात. औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनपीपीएने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खाजगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. त्याआधी २०१७ मध्ये याच संस्थेने औषधयुक्त स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली. तोवर रुग्ण त्याचे लाखाच्या वर मोजत होते.

आता थोडं तुमच्याबद्दल. ‘डॉक्टर, एक दिवस ॲडमिट दाखवा, सगळ्या तपासण्या होऊन जातील,’ असं सांगणारे सुशिक्षित लोक मला नेहमी भेटतात. बहुतेक पॉलिसी बाहेरच्या तपासण्यांचे पैसे देत नाहीत, २४ तास भरती असावं लागतं, ही अडचण खरी आहे आणि तो नियम बदलायलाच हवा. पण खोटी भरती ही फसवणूक आहे. मी नाही म्हणतो, लोक रागावतात, दुसरीकडे जातात. जावोत.

विमा कंपनीही धुतल्या तांदळासारखी नाही. एजंटचं कमिशन, कार्यालयाचा खर्च हेही तुमच्याच हप्त्यातून जातं. तरी दाव्यांचा मोठा पैसा येतो तो सगळ्या पॉलिसीधारकांच्या एकाच गल्ल्यातून. यंदा त्यातून जास्त गेलं की पुढच्या वर्षी सगळ्यांचा हप्ता चढतो, वर्षभर एक गोळीही न घेतलेल्याचासुद्धा. मग तरुण, निरोगी माणसं पॉलिसी सोडतात, मागे आजारीच जास्त उरतात आणि हप्ता पुन्हा चढतो. शेवटी अडुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक पॉलिसी बंद करतात. गरज नेमकी तेव्हाच असते.

२०२५ च्या जानेवारीत आयआरडीएआयने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवण्याआधी आपल्याशी सल्लामसलत करण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं. सप्टेंबरमध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. दिलासा चांगलाच आहे, पण हॉस्पिटलचं बिल त्याने एक रुपयानेही कमी होत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. २०२१ च्या नियमांनुसार हॉस्पिटलने दरपत्रक लावायचं असतं, पण त्यात आकडा कितीही लिहिता येतो. दरांवर मर्यादा हवी असं म्हटलं की माझेच व्यवसायबंधू भडकतात. रास्त दर घेणाऱ्याने भडकावं कशाला?

तोवर एवढं करा. कॅशलेस असलं तरी डिस्चार्जच्या वेळी तपशीलवार बिल मागा आणि सहीपूर्वी वाचा. डॉक्टरांच्या भेटी किती लावल्यात, तपासणी दोनदा का झाली, विचारा. ‘कंपनी भरतेय, तुम्हाला काय?’ असं उत्तर मिळालं, तर पुढच्या वर्षीचा हप्ता कोण भरणार, हे तिथेच विचारा.