हशाने खड्डा बुजतो. जाब कोण विचारणार?

बेंगळुरूचे चित्रकार बादल नंजुंडस्वामी यांनी जून २०१५ मध्ये सुलतानपाळ्यातील खड्ड्यात मगरीची प्रतिकृती सोडली. सप्टेंबर २०१९ मध्ये, चंद्रयान-२ चंद्रावर उतरण्याच्या बेतात असताना, त्यांच्या चित्रफितीत एक अंतराळवीर चंद्रभूमीवर चालताना दिसला. शेजारून रिक्षा गेली आणि ती चंद्रभूमी म्हणजे इस्रोच्याच शहरातील खड्डेमय रस्ता असल्याचे उघड झाले. देश हसला; महापालिकेने लागलीच दुरुस्ती हाती घेतली.

याला विनोदाचा विजय म्हणून टाळ्या पिटणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः ही प्रशासनाविरुद्धची साक्ष आहे. जे काम हशा पिकताच सुरू होते, त्यासाठी खडी-डांबराची नव्हे, इच्छेची वानवा होती! मग ज्या कामगारवस्तीत कॅमेरा पोहोचत नाही, तिने काय करावे?

खरा प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर ५ वर्षे निवडणूकच झाली नाही आणि २०२५ मध्ये त्या महापालिकेच्या जागी ५ महापालिका स्थापन करण्यात आल्या. नगरसेवकच नाही, तर नागरिकाने दार कोणाचे ठोठवावे?

कलावंताने आपले कर्तव्य चोख बजावले आहे. व्यंग दाखवणे त्याचे काम. ते दूर करण्यास सत्ताधाऱ्यांना भाग पाडणे हे संघटित जनतेचे काम!